तीर्थ कुठलं होतं ते मला ठाऊक आहे

मित्रांनो, मला जुनं म्हणा, दमलेलं म्हणा, दोन्ही खरं आहे. मी हर्णेच्या बकुळाचं यकृत आहे. तिच्या उजव्या बरगड्यांखाली, अंधारात आणि ओलाव्यात, माझी जागा आहे. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, आणि पाहायची वेळही येऊ नये. मला डोळे नाहीत, कान नाहीत. पण बकुळाला जे दिसतं, ऐकू येतं, त्याचा बरावाईट निरोप रक्तातून आम्हा सगळ्यांपर्यंत पोचतो. तेवढ्यावर माझं भागतं.

आधी एक तक्रार सांगून टाकतो, म्हणजे मन मोकळं होईल. तुम्ही लोक ‘काळीज तुटलं’ म्हणता तेव्हा नाव माझं घेता, कारण काळीज म्हणजे खरं तर यकृतच, आणि हात मात्र ठेवता छातीवर. तिथे हृदय राहतं. ते धडधड करतं, म्हणून त्याचं कौतुक. जो आवाज करत नाही त्याला कोण विचारतो? आंबट ढेकर आली की ‘पित्त झालं’ म्हणून पुन्हा मलाच बोल लावता. अहो, ती पोटातल्या आम्लाची करणी! माझं पित्त बिचारं खाली आतड्यात तेल फोडत बसलेलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

असो. माझा जन्म बकुळाच्या जन्माआधीचा. ती आईच्या पोटात होती तेव्हाच मी घडलो. तेव्हा तिला तोंडाने खाणं नव्हतं. आईने प्यालेल्या पेजेतलं सत्त्व नाळेतून यायचं आणि त्यातलं बरंचसं माझ्यातून पुढे जायचं. त्या दिवसांत रक्त तयार करायचं कामसुद्धा माझ्याकडे होतं. तिच्या इवल्याशा पोटात निम्मी जागा मीच अडवून बसलो होतो. आता आठवलं की वाटतं, तेव्हाच काय ते माझे दिवस होते. नाळ कापली आणि बकुळा पहिल्यांदा दूध प्यायली, त्या क्षणापासून आतड्याकडून येणारा रस्ता सुरू झाला. तो रस्ता अजून चालू आहे आणि मी त्याच्या तोंडाशी अजून उभा आहे.

तो रस्ता तुम्हाला सांगायला हवा. तुमच्याही पोटात तोच आहे, पण तुम्ही कुठे लक्ष देता!

समजा, बकुळा भात आणि बांगड्याचं कालवण जेवली. दातांनी घास बारीक केला, लाळेने भिजवला. नुसता भात बराच वेळ चावून बघा, गोड लागायला लागतो. भाताची साखर व्हायला तिथूनच सुरुवात होते. मग पोट त्याला घुसळतं, आम्ल घालतं, मासा सैल करतं. तिथून सगळं लहान आतड्यात उतरतं. तिथे माझं पित्त येतं, शेजारच्या स्वादुपिंडाचा रस येतो, आणि भाताची साखर, माशातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे, तेलाचे कण असं सगळं सुटं होतं. आतड्याला आतून बोटांसारखे इवले इवले उंचवटे असतात, मोजू म्हटलं तर मोजता येणार नाहीत इतके. ते हे सुटं झालेलं सत्त्व शोषून घेतात आणि रक्तात सोडतात. ते रक्त एका जाड शिरेतून थेट माझ्या दारात येतं. शरीरात दुसऱ्या कुणाकडे जायच्या आधी माझ्याकडे. तेलाचं मात्र वेगळं. ते बहुतेक दुसऱ्याच वाटेने, एका दुधाळ रसातून वर मानेकडे जातं आणि तिथे रक्तात शिरतं. मागच्या दाराने आत शिरणारे सगळीकडे असतात, इथेही आहेत.

माझ्या दारात आलेलं सगळं मी तपासतो. विषारी असेल ते मोडून टाकतो. प्रथिनांचे तुकडे घेऊन त्यांतून रक्ताला लागणारं सामान बनवतो, त्यातला टाकाऊ भाग मूत्रपिंडांकडे धाडतो. साखरेतला थोडा वाटा कोठीत ठेवतो आणि बाकीची पुढे सोडतो. पुढे म्हणजे आधी हृदयाच्या उजव्या बाजूला, तिथून फुप्फुसात, परत हृदयाच्या डाव्या बाजूला, आणि मग डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. बकुळाने हर्णेच्या वाळूत मासळीची पाटी उचलली की तिच्या दंडात जी ताकद येते, ती सकाळच्या भाकरीची असते. ती भाकरी माझ्या हातून गेलेली असते. पण पाटी उचलल्यावर ‘शाबास दंडा’ म्हणतात, ‘शाबास यकृता’ कुणी म्हणत नाही.

कोठीत साखर का ठेवायची? कारण माणूस सारखं खात नाही. झोपतं, कामात असतं, कधी रुसतं. तेव्हा वरचा मेंदू उपाशी राहून चालत नाही. त्या मेंदूकडे स्वतःचा साठा म्हणून काही नाही बघा. एवढं हुशार, पण घरात मूठभर धान्य नाही! सारखी मागणी चालू. स्वादुपिंड रक्तातल्या साखरेवर नजर ठेवून असतं. साखर वाढली की ते मला निरोप धाडतं, ‘आत ठेव, कुलूप लाव.’ साखर उतरली की उलटा निरोप, ‘काढ बाहेर.’ मी त्याप्रमाणे दार उघडतो आणि लावतो. जन्मभर हेच केलं.

बकुळाच्या लहानपणी काम कष्टाचं होतं, पण साधं होतं. सकाळी पेज, दुपारी भात, कधी कुळथाचं पिठलं, कधी सुक्या बोंबलाची चटणी. येणारा माल ओळखीचा. लग्न झालं, भिवाच्या घरी आली, तशी पाट्या उचलायला लागली. लिलावात घेतलेली मासळी डोक्यावर घेऊन गावोगाव जायची. लेक सागर पोटात होता तेव्हा तर मी दोन जिवांचं केलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी माझी गत. पण खोटं कशाला बोलू, तेव्हा बरं वाटायचं. दमायचो, पण रात्रीच्या झोपेत सावरायचो.

पुढे चहा वाढला. लिलावाला बोटींची वाट बघायची, तर बसल्या बसल्या चहा. त्यात साखर अशी की चमचा उभा राहावा. सोबत बिस्किटं. कोठी भरली तरी माल येतच राहिला. कोठीत मावेना ती साखर मी चरबी करून माझ्याच अंगावर ठेवायला लागलो. दुसरं करणार काय? मग एकदा दापोलीत पोटाची सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “यकृतावर चरबी साचलीय. साखरही वाढलीय.”

“चरबी?” बकुळा चकित झाली. “मी तर तुपाचं बोट लावत नाय कधी!”

तुपाचं बोट लावत नाहीस गो बाय, पण चहाचं काय? मला तोंड असतं तर तिथेच बोललो असतो. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक. “जेवणाआधी घ्यायची, एकही दिवस चुकवायची नाही,” असं दोनदा बजावलं. बकुळा शब्दाची पक्की. चहातली साखर तिने त्याच दिवशी सोडली, आणि गोळी कधीच चुकवली नाही. ही गोळी काय करते ते समजून घ्या, कारण सगळं तिथेच अडलं. ती शेजारच्या स्वादुपिंडाच्या पाठीत धपाटा घालते आणि म्हणते, ‘पाठव निरोप, साखर आत ठेवायला सांग.’ जेवण होणार असेल तर हे बरोबरच आहे. जेवण झालं नाही, तरी धपाटा पडायचा तो पडतोच.

आता बकुळाच्या घरातली रीत सांगतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की बोटी लोटतात. पावसाळी बंदीनंतरच्या त्या पहिल्या खेपेला घरचा माणूस समुद्रात गेला, की तो परत येईपर्यंत घरच्या बाईने पोटात काही घ्यायचं नाही. पाणी घ्यायचं, फार तर काळा चहा. बकुळाच्या सासूने हे पाळलं, सासूच्या सासूने पाळलं. तेव्हाच्या होड्या लहान. पहाटे गेल्या की संध्याकाळी जाळ्यांसकट परत. उपास एका दिवसाचा, आणि माझ्या कोठीत तेवढं सहज असायचं. भिवा होडी चालवत होता तोवर बकुळानेही असे किती उपास केले. मला त्याचं काही वाटलं नाही.

पण भिवाचा गुडघा गेला, तो किनाऱ्यावर बसला. आणि ज्या श्रावणाची गोष्ट मी सांगतोय, त्या श्रावणात सागर पहिल्यांदाच मोठ्या बोटीचा तांडेल म्हणून गेला. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. त्या बोटीत बर्फ असतो, डिझेल असतं, चार-चार दिवस ती परत येत नाही. होडी बदलली, रीत मात्र होडीच्या काळातलीच राहिली. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. नेत्राच्या तेवढं आलं.

नेत्रा म्हणजे सागरची बायको. माहेर वेळणेश्वरचं, महादेवाच्या देवळाच्या गावचं. ती बोट लोटली त्याच सकाळी म्हणाली, “आई, तुमी उपास नका करू. मी करते तुमच्या जागी.”

“तू कशाला? पोर माजा हाय.”

“नवरा माजा हाय की!”

“तुजा नवरा व्हायच्या आधीपासून माजा पोर हाय तो,” बकुळा म्हणाली, आणि विषय संपला. तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. भिवाचं तर लग्नाच्या दिवसापासून चाललेलं नाही.

“मग गोळी तरी घेऊ नका,” नेत्रा चाचरत म्हणाली.

“गोळी काय अन्न हाय? गोळीनं उपास मोडत नाय. आणि डॉक्टरीण काय म्हणाली? चुकवायची नाय.”

पहिला दिवस मी निभावला. कोठीत होतं ते हळूहळू काढून दिलं. पण गोळीमुळे शेजारी सारखा ओरडत होता, ‘कुलूप लाव, कुलूप लाव.’ एकीकडे वरून मेंदूची मागणी, दुसरीकडे शेजाऱ्याचा हुकूम. इकडे आड, तिकडे विहीर. दुसऱ्या दिवशी सकाळी कोठीचा तळ दिसायला लागला. अशा वेळी मी दुसरा उद्योग करतो. स्नायूंकडून प्रथिनांचे तुकडे मागवतो आणि त्यांची साखर बनवतो. मजुरी मोठी, पदरात थोडं. पण निरोप ‘कुलूप लाव’ असा असला की तेही नीट करता येत नाही. त्यात बकुळाने सकाळची गोळी घेतली. संध्याकाळी लिलावाला निघताना पाण्याच्या घोटाबरोबर दुसरीही घेतली. मी मनात म्हटलं, संपलं आता.

ती लिलावाला का गेली? विकायला थोडी मांदेली होती, पण खरं कारण वेगळं होतं. किनाऱ्यावरून बोटी दिसतात. सागरचा फोन लागत नव्हता. लांब समुद्रात तो लागतच नाही, हे तिला ठाऊक होतं, तरी ती दर थोड्या वेळाने भिवाला सांगत होती, “लाव गो फोन.” बाईला म्हणायचं ते ‘गो’ ती नवऱ्याला म्हणायला लागली तेव्हाच मला कळलं की वरती मेंदूत काहीतरी बिघडायला लागलंय. भिवा नुसता हसला.

वाळूवर गर्दी होती. श्रावणातला गार वारा सुटला होता आणि बकुळाच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. शेजारी गंगुबाई बसली होती, तिची जन्माची मैत्रीण. तिने सहज विचारलं, “बरी हायस ना गो?” तर बकुळा तिच्या अंगावर अशी खेकसली की गंगुबाईच्या हातातली कोळंबी खाली पडली. मग बकुळाने स्वतःच विकायला मांडलेल्या मांदेलीच्या वाट्यावर स्वतःच बोली लावली. बायका हसल्या. बकुळाने परत बोली लावली, पहिल्यापेक्षा चढी. आता हसणं थांबलं. तिचे हात कापायला लागले. मान डोलायला लागली. डोळे उघडे, पण समोरचं दिसत नव्हतं.

गंगुबाई दोन पावलं मागे सरली. तिने हात जोडले. “अगो, हिच्या अंगात आलंय!”

मित्रांनो, माझं काय झालं असेल विचार करा. आतमध्ये मी रिकाम्या कोठीत खडखडाट करतोय, मेंदू अंधारायला लागलाय, आणि बाहेर बायका कुंकू शोधतायत! कुणीतरी नारळ आणून समोर ठेवला. एकीने पदर पसरला. तिचाही माणूस त्याच बोटीवर होता. “आई, सांग गो, आमची बोट कवा येणार?”

बकुळा पुटपुटली, “येते... येते...”

झालं! बायकांना रडू फुटलं. कुणी पायावर डोकं ठेवलं. त्यांची थट्टा मी करणार नाही. ज्यांची माणसं समुद्रात असतात त्यांनी कुणाला विचारावं? पण देवी कसली हो! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी काढून द्यायचं, तर माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. आणखी थोडा वेळ असाच गेला असता तर बकुळाला गिळताही आलं नसतं. मग झटके आले असते, आणि त्यानंतरचं मला सांगवत नाही.

नेत्रा धावत आली. तिच्या वडलांना साखरेचा आजार होता. हा घाम, हे कापणं, हे खेकसणं तिने माहेरी पाहिलेलं होतं. ती गर्दीत घुसली आणि बकुळापाशी गुडघ्यावर बसली. “मावशी, देवी नाय ही. साखर उतरलीय. आई, तोंड उघडा, काहीतरी गोड खा.”

“शिवू नकोस,” गंगुबाई ओरडली. “देवीला शिवतात काय?”

आणि बकुळा? तिला समोर कोण आहे ते कळत नव्हतं, पण एक गोष्ट ती विसरली नव्हती. तिने दात घट्ट आवळले आणि मान फिरवली. “उपास हाय माजा,” ती दातांतून म्हणाली. “पोर समुद्रात हाय.”

इतकी वर्षं मी हिच्या पोटात आहे, पण त्या वेळी मला हिचा रागही आला आणि हिच्यासाठी भरूनही आलं. ती मरत होती आणि तिला वाटत होतं की आपण लेकाला वाचवतोय.

नेत्रा उठली आणि समोरच्या चहाच्या टपरीकडे पळाली. तिथे काय झालं ते मला नंतर कळलं. तिने साखरेच्या डब्यात हात घातला, मूठभर साखर पाण्याच्या पेल्यात टाकली आणि बोटाने ढवळली. भिवा टपरीच्या बाकावर बसलेला होता. दोघांची नजरानजर झाली. तो उठून तिच्यामागे लंगडत निघाला.

ती परत आली ती मोठ्याने सांगतच, “बाजूला व्हा, वेळणेश्वराचं तीर्थ हाय! देवी आलीय ना? मग देवीला तीर्थ द्यायला नको?”

“तीर्थ, तीर्थ! वाट सोडा!” आता गंगुबाईच सगळ्यांना ढकलायला लागली.

नेत्राने बकुळाला आपल्या खांद्याशी टेकवून बसवलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. “आई, वेळणेश्वराचं तीर्थ. सागरसाठी आणलंय. तीर्थाला नाय म्हणू नये.”

मेंदू अर्धा विझला होता, तरी हाताला सवय होती. बकुळाचा उजवा हात आपोआप पुढे आला, तळवा खोलगट झाला. नेत्राने त्यात थोडं ओतलं. बकुळाने ते ओठांना लावलं आणि प्यायली. पुन्हा तळवा पुढे केला. मग नेत्राने पेलाच तिच्या तोंडाशी धरला आणि म्हणाली, “सावकाश. घोट घोट.”

पोट रिकामंच होतं, त्यामुळे ते पाणी तिथे फार थांबलं नाही. आतड्यात उतरलं. त्या इवल्या बोटांनी ते घाईघाईने उचललं, रक्तात सोडलं, आणि ते रक्त माझ्या दारात आलं. गोड! किती तासांनी गोड आलं होतं. शेजारी अजून ओरडतच होता, ‘आत ठेव, कुलूप लाव.’ मला स्वतःला भूक होती, माझी कोठी कोरडी होती. मी म्हटलं, मसणात गेलं तुझं कुलूप. जेवढं सोडता आलं तेवढं सोडलं. जा, हृदयाकडे जा, फुप्फुसातून फिर, परत हृदयाकडे ये आणि वर जा, आधी वर जा! ते रक्त गेलं आणि मी वाट बघत बसलो. असा वाट बघत मी कधी बसलो नव्हतो.

बऱ्याच वेळाने बकुळाचे डोळे स्थिर झाले. तिने समोरचा नारळ बघितला, पसरलेले पदर बघितले, आणि म्हणाली, “काय गो, कोण मेलं? सगळ्या रडतायसा कशाला?”

“गेली गो देवी,” गंगुबाई हळहळली.

भिवाने रिक्षा बोलावली. वाटेत नेत्राने तिला केळं चारलं. आता उपासाचं विचारण्याइतकं बळ बकुळात नव्हतं. दापोलीच्या दवाखान्यात नेल्यावर हाताच्या शिरेतून साखरेचं पाणी लावलं. गोळीचा धपाटा पुष्कळ वेळ पडत राहतो, म्हणून तेच बरोबर होतं. ते पाणी माझं दार चुकवून सरळ रक्तात गेलं, पण त्या दिवशी मी त्याबद्दल तक्रार केली नाही.

डॉक्टरीणबाईंनी डोक्याला हात लावला. “अहो, गोळी घेतली आणि जेवलात नाही?”

“तुमीच म्हणालात जेवणाआधी घ्या,” बकुळा म्हणाली. “आधीच घेतली. जेवण बोट आल्यावर होतं.”

डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. जेवण नाही त्या दिवशी आधी विचारायचं, हे नेत्राकडून तीनदा म्हणून घेतलं.

नेत्रा आणि भिवा तिच्या खाटेपाशीच थांबले. बकुळा डोळे मिटून पडली होती. त्यांना वाटलं, झोप लागली. नेत्रा हलक्या आवाजात म्हणाली, “बाबा, मी देवाच्या नावानं खोटं बोलले. साखर टपरीची होती. आता बोटीला काय झालं तर ते माज्यावर.” आणि ती रडायला लागली.

भिवा गुडघा चोळत होता. “टपरीवाल्याला सांगून ये, डबा अर्धा झालाय त्याचा,” तो म्हणाला. “आणि रडू नकोस. देवाला एवढी अक्कल नाय असं वाटतं काय तुला?”

बकुळा जागी होती. मला ठाऊक आहे, कारण त्या वेळी हृदय जोरात धावायला लागलं होतं. पण तिने डोळे उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सागर आला. बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं होतं, म्हणून खेप अर्ध्यात सोडून लवकर परतला. बाकी बोट सुखरूप, माणसं सुखरूप. त्याच्या अंगाला मासळीचा आणि डिझेलचा वास येत होता. बकुळाने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आणि सुनेकडे बघून विचारलं, “माजा उपास मोडला काय गो?”

नेत्राने मान खाली घातली. “तीर्थानं उपास मोडत नाय, आई.”

“व्हय,” बकुळा म्हणाली. “मोडत नाय.”

मित्रांनो, साखर देवळातली की टपरीतली, ते माझ्या दारात कळत नाही. आली ती साखरच. मला खंत एवढीच वाटते की तुम्ही आम्हाला गृहीत धरता. खाता तेव्हा कोठी फुटेस्तोवर खाता आणि सोडता तेव्हा तळ कोरडा होईस्तोवर सोडता. मी काही मागणारा नव्हे. वेळेवर दोन घास द्या, चहात साखर बेताने घाला, आणि औषध घेत असाल तर उपासाआधी देवाला विचारा तसं डॉक्टरलाही विचारा. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घाम फुटला, हात कापायला लागले, ते उगाच खेकसलं, तर आधी त्याला विचारा, जेवलात का. इतकं केलंत तरी पुष्कळ झालं. माझं आता वय झालंय. एकदा तळ बघितला, पुन्हा बघायची ताकद नाही.

परवा पुन्हा नारळी पौर्णिमा झाली. सागर बोट घेऊन गेला. मी धसका घेऊनच बसलो होतो. बकुळा ओटीवर बसली, हातात गोळी घेतली आणि समुद्राकडे बघत राहिली. नेत्रा आतून झाकलेला लोटा घेऊन आली.

“घ्या आई. वेळणेश्वराचं तीर्थ.”

बकुळाने झाकण काढून आत बघितलं. वाफ आली. तांदळाची पेज होती, वर मीठ घातलेली. जन्मभर पेज प्यालेली बाई ती, तिला काय कळणार नाही?

“तुज्या देवाच्या तीर्थात शितं बरीच हायत गो,” ती म्हणाली.

“बोट लांब जाते आता, आई. तीर्थबी जरा दाट लागतं.”

बकुळा हसली नाही. तिने लोटा दोन्ही हातांनी धरून कपाळाला लावला. मग गोळी घेतली आणि पेज प्यायली. तळाशी राहिलेली शितं बोटांनी काढून खाल्ली. “संध्याकाळी पण आण,” ती म्हणाली. “पोर येईस्तोवर रोज आण.”

थोड्या वेळाने ती पेज माझ्या दारात आली. मी माझा वाटा कोठीत ठेवला आणि बाकीची वर धाडली.